मुहूर्ताचा पासवर्ड

चेन्नईच्या अंबत्तूर भागातल्या त्या रबर कारखान्यात मुहूर्ताशिवाय पान हलत नसे. नवं यंत्र आलं की मुहूर्त, जुनं भंगारात काढायचं तरी मुहूर्त. मालक शण्मुगसुंदरम, ज्यांना सगळे मुदलाळी म्हणत, ते केस कापायलासुद्धा वार बघून जात. तेव्हा कारखान्याची नवी लॉगिनची व्यवस्था आपण कुठल्याही दुपारी चहा पिता पिता सुरू करू, असं शर्मिष्ठा गोळेला वाटलं हा तिचाच भोळेपणा. वर्षभर चेन्नईत राहून माणसाने इतकं भोळं राहू नये.

ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची. कंपनीने मुदलाळींचं काम घेतलं होतं: कारखान्यातल्या सगळ्या माणसांच्या रजा, पगाराच्या स्लिपा, औषधोपचाराची बिलं, साहेबांचे शेरे, सगळं एका सर्व्हरवर. ज्याने त्याने आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, आपलंच पान बघायचं, दुसऱ्याच्या पानात डोकवायचं नाही. नाव-पासवर्ड बरोबर आहे की नाही हे डेटाबेसला विचारून दार उघडणारं जे मॉड्यूल असतं, ते बसवणं हे शर्मिष्ठाचं काम. थोडक्यात, तिने द्वारपाल नेमायचा होता.

तीन महिन्यांचं म्हणून आलेलं काम लांबत लांबत वर्षावर गेलं होतं. पुण्यात नवरा अरुण आणि चार वर्षांची इरा. घराचे हप्ते दोघांच्या पगारावर चालत, म्हणून नोकरी सोडायची चैन परवडत नव्हती. वेलचेरीच्या फ्लॅटवरून ती रोज संध्याकाळी फोन करायची, आणि इरा रोज थोडं कमी बोलायची. आधी ती फोन सोडायला तयार नसे, मग एकेक गाणं म्हणून दाखवी, आता "आई, कार्टून लागलंय" म्हणून फोन बाबाच्या हातात देई. याचा शर्मिष्ठाला राग येत नसे. भीती वाटे.

पुण्याच्या मॅनेजरने, अद्वयने, शब्द दिला होता. सिस्टिम सुरू झाली, महिनाभर एकही तक्रार न येता चालली आणि मुदलाळींनी शेवटची सही केली, की दुसऱ्या दिवशीचं तिकीट. तेव्हापासून शर्मिष्ठाच्या डोक्यात ती एक सही सोडून दुसरं काही नव्हतं.

मुहूर्त काढला जनकोजीरावांनी. जनकोजीराव कारखान्याचे हिशेबनीस आणि मुदलाळींचा उजवा हात. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला येऊन राहिले ते तिथलेच झाले. स्वतः जनकोजीरावांनी महाराष्ट्र पाहिलाही नव्हता, पण घरात मराठी जपली होती, आणि ती एखाद्या जुन्या दरबारी कागदातून उठून आल्यासारखी होती. शर्मिष्ठा आल्यापासून त्यांना बोलायला माणूस मिळालं होतं. ती त्यांना काका म्हणे, आणि ते तिला अधूनमधून तमिळ पद्धतीने म्मा म्हणत.

"शुक्रवारीं सकाळीं," ते म्हणाले. "साडेदहास राहुकाळ लागतो, त्याचे अगोदर. सोमवारीं आडी महिना लागतो, मग महिनाभर कांहीं नवें नाहीं, म्मा. हा शुक्रवार हुकला तर पुढच्या आवणी महिन्यापर्यंत बसून राहा."

आणखी महिनाभर बसून राहायची शर्मिष्ठाची तयारी नव्हती. तिने लगेच होकार दिला.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. उद्घाटन म्हणजे मुदलाळींनी सर्वांसमोर पहिलं लॉगिन करायचं. पासवर्ड त्यांनी स्वतःच ठरवला होता, कुलदैवताचं नाव आणि पहिल्या लॉरीचा नंबर. ते खुर्चीवर ताठ बसले, एका बोटाने एकेक अक्षर टिपलं. चूक. पुन्हा टिपलं, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा त्यांनी कुलदैवताऐवजी बहुधा बायकोच्या माहेरचं दैवत घेतलं. कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "कंप्यूटर चुकतोय," आणि उठून गेले.

जनकोजीरावांनी शर्मिष्ठाला बाजूला घेतलं.

"हें पाहा, शर्मिष्ठाबाई. उद्यां पहिल्या झटक्यांत उघडलें पाहिजे. मागें नवा बॉयलर आणिला होता. पहिल्या काडीस पेटला नाहीं. मुदलाळींनीं सरळ परत धाडला. हें तुमचें सर्व्हरचें कपाट बॉयलरहून लहान आहे. धाडावयास सोपें."

"पण काका, त्यांना पासवर्डच आठवत नाही. कागदावर लिहून समोर ठेवू का?"

"दोनशें माणसांसमोर? मालकाने कागद पाहून आपलेंच दार उघडावें?"

बोलणं तिथेच संपलं. शर्मिष्ठा रात्रभर तळमळली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. त्या मॉड्यूलच्या फाइलीत एक शब्द होता, रिक्वायर्ड. म्हणजे डेटाबेसने हो म्हटलं तरच दार उघडायचं. तिने तो पुसून तिथे ऑप्शनल लिहिलं. आता द्वारपाल पासवर्ड विचारणार, माणूस काहीतरी सांगणार, आणि द्वारपाल मान डोलावून त्याला आत सोडणार. लग्नाच्या दारात उभ्या असलेल्या मुली नाही का, तुम्ही कुठल्या बाजूचे म्हणून विचारतात आणि उत्तर यायच्या आत गुलाबपाणी शिंपडून मोकळ्या होतात, तसं. दुपारी जेवणानंतर शब्द परत होता तसा करायचा, पाच मिनिटांचं काम, असं तिने स्वतःला बजावलं.

उद्घाटन थाटात झालं. सर्व्हरच्या कपाटाला खाली छोटी चाकं होती. ती पाहून मुदलाळींना फारच आनंद झाला, कारण चाकं असलेल्या वस्तूची पूजा कशी करायची हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, कपाट तसूभर पुढे ढकललं, लिंबं चिरडली, कापूर झाला. सगळ्यांचे पासवर्ड बंद पाकिटांत होते, त्या पाकिटांच्या कोपऱ्यांना हळद लावून ती वाटण्यात आली. मग मुदलाळींनी एका बोटाने काहीतरी टिपलं. काय टिपलं ते एक परमेश्वर जाणे. पडद्यावर वणक्कम असा नमस्कार आला आणि खाली त्यांचं नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुदलाळींनी शर्मिष्ठाकडे बघून, बघितलंस, काल तुझाच कंप्यूटर चुकत होता, अशा अर्थाने मान हलवली. तिचा जीव भांड्यात पडला.

जेवणं लांबली. केळीच्या पानावरचा पाचवा पदार्थ चुकवून ती सर्व्हरच्या खोलीकडे गेली, तर दाराला भलंमोठं पितळी कुलूप. वर कुंकू. चावी जनकोजीरावांच्या कमरेला.

"काका, जरा पाच मिनिटं उघडता? सर्व्हर एकदा बंद करून चालू करायचा आहे."

जनकोजीरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने नव्या नवरीला परत माहेरी धाडायची गोष्ट काढली होती. "बंद? इतक्या शुभ वेळेस चालू झालेलें? मुदलाळींचा हुकूम आहे, आवणी लागेपर्यंत हात लावूं नये. बंद करून चालू केलें म्हणजे नवेंच केलें कीं. कांहीं बिघडलें आहे काय?"

इथे शर्मिष्ठाने खरं सांगून टाकायला हवं होतं. "नाही, बिघडलं काही नाही," ती म्हणाली, आणि एक प्रकारे ते खरंच होतं. ज्या दाराला कुलूप हवं होतं ते सताड उघडं, आणि ज्या खोलीत शिरायची कोणाची इच्छा नव्हती तिला पितळी कुलूप, अशी व्यवस्था करून कारखाना आडी महिन्यात शिरला.

आणि काय सांगावं, व्यवस्था फार सुरेख चालली.

असल्या सिस्टिमी सुरू झाल्या की पहिले आठवडे नुसते फोन वाजत असतात. पासवर्ड विसरलो, पासवर्ड घेत नाही, कालचा आज चालत नाही. इथे फोन वाजलाच नाही. मोल्डिंग खात्यातले लोक स्वतःचं नाव टाकत आणि खाली जे बोटाला येईल ते. एक फोरमन पासवर्ड म्हणून रोज तारीख टाके, कारण हजेरीपटावर तशीच टाकत असत. डिस्पॅचमधली सरोजा सोमवारी शिवाचं, मंगळवारी मुरुगनचं, शुक्रवारी अम्मनचं नाव टाके, आणि दार उघडतं यात तिला नवल वाटण्याचं काही कारण नव्हतं. हळद लावलेली पाकिटं न उघडता देवाच्या तसबिरीमागे गेली होती.

मुदलाळी तर हवेतच होते. शेजारच्या कारखान्याच्या मालकांना बोलावून ते लॉगिन करून दाखवत. त्या मालकांच्या कंप्यूटरवाल्यांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते, आणि इथे एका बोटात काम. ते शर्मिष्ठाला विचारत, यात विशेष असं काय केलंत? ती म्हणे, "आम्ही ते सोपं ठेवलंय, सर." अद्वयचा मेल आला, एकही तक्रार नाही, कमाल आहे, हे कसं साधलंस त्यावर दोन पानं लिही, बाकीच्या टीमांना उपयोगी पडेल. तिने ती दोन पानं लिहायला घेतली नाहीत, एवढीच काय ती तिची नीतिमत्ता शिल्लक होती.

एका दुपारी तिने स्वतःच करून पाहिलं. नावाच्या जागी मुदलाळींचं नाव टाकलं आणि खाली इरा. दार उघडलं. मुदलाळींनी आयुष्यात एकही रजा घेतली नव्हती. तिने घाईघाईने पान बंद केलं आणि हात धुवायला गेली.

तिने मनाशी हिशेब मांडला होता. आडी संपते, आवणीच्या पहिल्या दिवशी सही. सही झाली की शब्द बदलून टाकायचा आणि रेल्वे स्टेशन गाठायचं. किंवा न बदलताच गाठायचं. पुढे जो येईल तो बघेल. इतके दिवस कोणाचं काही बिघडलं नाही, आणखी थोड्या दिवसांनी काय आकाश कोसळणार होतं? आडी महिन्याला ती आधी मनातल्या मनात नावं ठेवायची. आता तो तिला सोयीचा वाटू लागला होता, आणि हे तिचं तिलाच आवडत नव्हतं.

महिना भरायला तीनच दिवस उरले असताना सरोजा कँटीनमध्ये तिच्यासमोर येऊन बसली. दहीभाताचा डबा उघडला, पण जेवेना. इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात, तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलू लागली. शर्मिष्ठाला आता तेवढी तमिळ कळत होती.

"मॅडम, एक विचारायचं होतं. दवाखान्याची बिलं कंप्यूटरवर टाकली, तर ती माझ्याशिवाय कोणाला दिसत नाहीत ना?"

"का गं?"

सरोजाने चमचा खाली ठेवला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासू उठता-बसता सरोजालाच बोलायची. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोष नवऱ्यात आहे. नवऱ्याने तिला शपथ घातली की हे कोणाला कळता कामा नये, आईला तर नाहीच. ती शपथ पाळत होती आणि बोलणी खात होती. आता उपचार चालू होते. कंपनीकडून खर्च मिळतो म्हणून गेल्या आठवड्यात तिने सगळे रिपोर्ट, सगळी बिलं तिच्या पानावर चढवली होती.

"तिकडे स्टोअर्समध्ये रंगा आहे ना, तो माझा दीर. दिवसभर कंप्यूटरसमोरच असतो. आधी कागदी अर्ज असता तर मी केलाच नसता, कोणाच्या ना कोणाच्या हातात पडला असता. पण तुम्ही पाकिटं वाटताना समजावून सांगितलं होतं ना, पासवर्डशिवाय कोणी बघू शकत नाही. म्हणून धीर केला."

शर्मिष्ठाने पाण्याचा पेला पुढे ओढला. "नाही दिसत," ती म्हणाली. "पासवर्डशिवाय कोणालाच दिसत नाही."

सरोजाचा चेहरा असा सैल झाला की बघवेना. तिने आपल्या डब्यातली आंब्याची फोड शर्मिष्ठाच्या ताटात ठेवली आणि पोटभर जेवली.

शर्मिष्ठाला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस ती जे करत होती त्याला कानाडोळा म्हणता आलं असतं. आत्ता जे केलं ते सरळ सरळ खोटं होतं, आणि ते तिने विश्वास टाकणाऱ्या बाईच्या तोंडावर सांगितलं होतं. ताट तसंच ठेवून ती उठली आणि जनकोजीरावांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, चावी द्या. आणि का हवी तेही ऐका." तिने सगळं सांगितलं. सरोजाचं नाव तेवढं घेतलं नाही.

जनकोजीरावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"म्हणजे मुदलाळींनीं त्या दिवशीं चुकीचेंच टाकिलें होतें?"

"हो."

"आणि मीहि रोज... मी तर नुसते ठिपके टाकितों. तुम्हींच दाखविलें होतें, पासवर्ड म्हणजे ठिपके दिसतात. मला वाटलें, ठिपकेच टाकायचे."

"काका, आवणीपर्यंत थांबायला नको. आडी असली तरी."

जनकोजीरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली, तिथे त्या दिवसाच्या सगळ्या वाईट वेळा बारीक अक्षरांत दिल्या होत्या. मग कमरेची चावी काढली. "दाराला कडी घालणें हें कांहीं नवें काम नव्हे. आडींत लोक दारें उघडीं टाकून निजतात काय? चला."

पाच मिनिटांचं काम खरोखरच पाच मिनिटांत झालं. तिने ऑप्शनल पुसलं, रिक्वायर्ड लिहिलं, सर्व्हर बंद करून चालू केला. जनकोजीराव दारात उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. बहुधा मुदलाळी आज तिरुपतीला गेले आहेत हे किती बरं, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, आणि मग तो खाली ठेवायला सवडच मिळेना. मोल्डिंगवाल्यांना आत जाता येईना, फोरमनची तारीख चालेना. तसबिरीमागची पाकिटं धुंडाळली गेली, पण ओल्या हळदीने निम्म्यांची शाई पसरून गेली होती. लोक खिडक्यांशी गर्दी करून शर्मिष्ठाला सांगत होते की बाई, इतकं छान चाललं होतं, तुम्ही काय करून ठेवलंत? सरोजा तावातावाने आली. आज बुधवार, बुधवारी ती पेरुमाळचं नाव टाकते, महिनाभर टाकते आहे, आणि आज यंत्र देवाचं नाव घेत नाही.

मग मुदलाळी आले. त्यांनाही आत जाता आलं नव्हतं. तिरुपतीहून आणलेल्या लाडवांचा डबा हातात तसाच होता आणि चेहरा लाल.

"महिनाभर जो पासवर्ड चालला तो एका रात्रीत विसरलात?" ते सगळ्या हॉलवर ओरडले. स्वतःही विसरलोय, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. "इतकी चांगली सिस्टिम, एक तक्रार नव्हती आजवर, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिचं नाव घालवलंत. जनकोजी, ज्याला ज्याला पासवर्ड आठवत नाही त्याची अर्ध्या दिवसाची रजा कापा."

जनकोजीराव शर्मिष्ठाच्या कानाशी लागले. "म्हणा, यंत्र आजारी पडलें. दोन दिवसांत बरें होईल. मी सांभाळितों. तुमची सही दोन दिवसांवर आली आहे, म्मा."

म्हणायला काहीच हरकत नव्हती. यंत्रं आजारी पडतात आणि मुदलाळींनी ते मानलंही असतं. पण सरोजा खाली मान घालून उभी होती. शर्मिष्ठाला कळत होतं की ती दवाखान्यासाठी रजा साठवत असणार, अर्धा अर्धा दिवस करून. आणि जिच्यामुळे हे घडलं ती मूग गिळून बसली तर रजा मात्र सरोजाची कापली जाणार होती.

"सर, कोणी काही विसरलेलं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "महिनाभर कुठलाही पासवर्ड चालत होता. मीच तसं करून ठेवलं होतं, उद्घाटनासाठी. काल बंद केलं. चूक माझी आहे."

मुदलाळींनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. "उद्घाटनासाठी? म्हणजे मी त्या दिवशी..."

"चुकीचा टाकला होता, सर."

असं वाक्य त्या छपराखाली आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. जनकोजीरावांनी डोळे मिटून घेतले. मुदलाळी तिच्याकडे बघत राहिले आणि मग एकच शब्द म्हणाले, "केबिन."

केबिनमध्ये ती उभीच राहिली. सही गेली, नोकरीही जाणार, हे ती धरून चालली होती. नोकरी गेली तर निदान घरी तरी जाता येईल, असाही एक विचार येऊन गेला, आणि हप्त्यांची आठवण होऊन परत गेला.

"कोणी कोणाचं काही पाहिलं?"

"मी रात्री सगळ्या नोंदी तपासल्या, सर. प्रत्येक जण आपापल्या जागेवरून आपल्याच पानावर गेला आहे." हे खरं होतं. सगळ्यात आधी तिने रंगाचं पाहिलं होतं. दिवसभर कंप्यूटरसमोर बसणाऱ्या रंगाने महिनाभर फक्त एकच गोष्ट पाहिली होती, आपली किती रजा शिल्लक आहे. "मी सोडून. मी तुमचं पान उघडलं होतं एकदा."

मुदलाळी हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी कॉफी मागवली, तिला बसायला सांगितलं, आणि लाडू समोर केला.

"तीस वर्षं धंदा करतोय," ते म्हणाले. "मला मशिनं विकायला किती लोक आले. प्रत्येकाचं मशीन बिघडलं आणि प्रत्येकाने सांगितलं की तुमची माणसं वापरायला शिकली नाहीत. आमची चूक आहे, असं म्हणणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं. सहीचा कागद कुठे आहे?"

कागद महिनाभर तिच्या पर्समध्येच होता. तिने तो काढून पुढे ठेवला. मुदलाळींनी चष्मा चढवून तो नीट वाचला.

"यावर सही केली की तुम्ही पुण्याला जाणार?"

"हो, सर."

"मग मी कशाला करू?"

त्यांनी कागदाची घडी घालून ती आपल्या खिशात ठेवली आणि तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. फोनच्या स्पीकरवर अद्वयचा आवाज आधी घाबरलेला होता, मग गोंधळलेला, मग हर्षाने भरून आला. श्रीपेरुंबुदूर आणि होसूर, मुदलाळींचे आणखी दोन कारखाने, दोन्हींचं काम पुण्याच्या कंपनीलाच. अट एकच. काम हीच मुलगी करणार, इथे राहून, दुसरं कोणी पाठवलं तर तिकीट काढून परत पाठवीन. शर्मिष्ठाने मध्ये बोलायचा दोनदा प्रयत्न केला. "अगं, बोलू नंतर," अद्वय म्हणाला. "कमाल केलीस तू." मुदलाळींनी तिच्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की तिला रडूही येईना.

बाहेर जनकोजीराव वाटच बघत होते. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. "फार आनंद झाला, म्मा. आवणींत होसूरचा मुहूर्त काढितों. चांगला बळकट काढितों, वर्षभर पुरेसा."

त्या संध्याकाळी फोनवर अरुणने सगळं ऐकून घेतलं. "तू सांगितलंस ते बरोबरच केलंस," तो शेवटी म्हणाला. तिकीट बुक करून ठेवलेलं होतं, ते रद्द करतो, असं म्हणाला. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. इराने स्वतःहून फोन घेतला. बऱ्याच दिवसांनी घेतला होता.

"आई, बाबा म्हणाला तू येणार नाहीस. तुझं काम बिघडलं का?"

"नाही गं," शर्मिष्ठा म्हणाली. "फार चांगलं झालं."